साळवेसाहेबांची उंच मोटारसायकल

शशिकांत साळवे यांनी साठ वर्षांत स्वतःच्या हाताने एकही वस्तू बनवली नव्हती. याची त्यांना लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासणी विभागात होते, आणि दुसऱ्याने बनवलेली वस्तू परत पाठवणं हेच त्या विभागाचं काम. नमुन्याशी जुळली तर पास, केसभर फरक पडला तर परत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी यशोधराबाईंच्या चपात्यांचा व्यास मोजला होता. त्यानंतर तीन दिवस ते कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवले आणि घरातला तपासणी विभाग कायमचा बंद झाला.

अशा माणसाने निवृत्तीनंतर मोटारसायकल बांधायला काढली, याला कारण त्यांचे व्याही, मुलगा आकाशचे सासरे दौलतराव भोईर.

दौलतरावांचं घर बदलापूरच्या पुढे, खैरपाड्याच्या टेकाडावर. डांबरी रस्ता टेकाडाच्या पायथ्याशी संपतो आणि तिथून वर जे जातं त्याला पाड्यातले लोक रस्ता म्हणतात. सूनबाई कीर्तीच्या डोहाळजेवणाला साळवेसाहेब कडक इस्त्रीच्या सफारीत स्कूटरवरून निघाले आणि त्या तथाकथित रस्त्यावर स्कूटर पोटावर बसली. खताच्या सात गोण्या आणि एक बोकड घेऊन दौलतरावांचा ट्रॅक्टर वर चालला होता. त्याच ट्रॉलीतून साहेब मांडवात पोहोचले. उतरताना बोकडाला आधी उतरवलं गेलं, हेही त्यांनी पाहिलं.

दौलतराव मनाने मोठा माणूस. चारचौघांत ते प्रेमाने म्हणाले, "व्याही, पुढल्या टायमाला निस्ता फोन करा. मी टॅक्टर धाडीन."

कुत्सितपणे बोलले असते तर उत्तर देता आलं असतं. प्रेमाने बोलले म्हणून ते शब्द साहेबांच्या छातीत रुतून बसले. परतताना त्यांनी यशोधराबाईंना सांगून टाकलं, "बारशाला मी माझ्या गाडीवरून येणार. थेट अंगणात. कुणाचा हात लागता कामा नये."

"बारसं बाळाचं आहे," यशोधराबाई म्हणाल्या.

गाडी मिळाली शिवमंदिराजवळ. अक्षय नावाच्या एका मुलाने ती बारा वर्षांपूर्वी लडाखला जायला घेतली होती. आईने सोडलं नाही म्हणून तो कल्याणच्या पुढे गेला नव्हता. गाडी डांबरावरही चालणारी आणि दगडधोंड्यांतही चालणारी. पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, चोच वासलेल्या बगळ्यासारखं. इंजिन खणखणीत, बाकी सगळं उन्हात वाळलेलं. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलेलं, म्हणजे सुटे भाग मिळायचे नाहीत. साहेबांना त्याचंच बरं वाटलं. भाग मिळत नाहीत म्हणजे करून घ्यावे लागणार, करून घ्यायचे म्हणजे ड्रॉइंग लागणार आणि ड्रॉइंग लागणार म्हणजे फाईल आली.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि दुसऱ्या मजल्यावरचे शिवराम खाली उतरले. एखादी वस्तू आल्यावर उतरायचंच, हा त्यांचा नेम होता. गेल्या महिन्यात ते कुणाच्यातरी वॉशिंग मशीनसाठी उतरले होते.

"घोडा आहे राव," ते गाडीभोवती फिरून म्हणाले. "पण साळवे, तुम्ही चढणार कसे?"

"प्लॅनिंग चालू आहे."

"माझ्या मेव्हण्याने असाच एक उंट घेतला होता."

"मोटारसायकल?"

"नाही, उंट. जुहूला. चढायचा प्रश्न नव्हता, उतरायचा होता. मी म्हणतो, आधी उतरायचं बघा."

साहेबांनी त्या सल्ल्याकडे दुर्लक्ष केलं. शिवराम यांचा सल्ला बरोबर निघाल्याची सोसायटीत नोंद नव्हती. पहिलीच नोंद आपल्या नावावर होणार आहे हे साहेबांना कुठून कळावं?

सेक्रेटरी शीलाताईंनी त्याच संध्याकाळी नोटीस लावली : पार्किंगमध्ये कारखाना चालवण्यास मनाई आहे. साहेबांनी लेखी उत्तर दिलं की सध्या फक्त नियोजनाचा टप्पा सुरू आहे. शीलाताईंनी दुसरी नोटीस लावली : पार्किंगमध्ये नियोजन करण्यासही मनाई आहे. तेव्हा फाईल घरात, जेवणाच्या टेबलावर आली आणि साळवे कुटुंब सात आठवडे मांडीवर ताटं घेऊन जेवलं.

आराखड्याचा पाया म्हणजे सीट. मूळ सीटची उंची तेहतीस इंच. आता मालकाच्या पायाचं माप हवं. यशोधराबाईंच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप काढून साहेबांनी जांघेपासून टाचेपर्यंत स्वतःचा पाय मोजला. भरला तेहतीस इंच. तंतोतंत! त्यांनी तीनदा मोजला, तिन्ही वेळा तेहतीस. आपण एवढे उंच आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. लग्नाच्या फोटोत यशोधराबाई पाटावर न उभ्या राहताही त्यांच्या कानाच्या वर जात होत्या, पण फोटो काय, कोनावर असतात. त्या दिवशी ते घरात जरा ताठ चालले. वर, फोम बसल्यावर दबतो म्हणून सीटमध्ये दोन इंच जादा फोम मंजूर करून त्यांनी सही ठोकली.

आता उल्हासनगर.

उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू जगात नाही आणि जगात आहे अशी वस्तू उल्हासनगरात पुन्हा होत नाही असंही नाही. सीट आणि पत्र्याच्या पेट्यांसाठी साहेब कॅम्प तीनमधल्या वासूमलच्या दुकानात गेले. निळ्या शाईतल्या अकरा ड्रॉइंगची गुंडाळी त्यांनी काउंटरवर उलगडली. वासूमलने गुंडाळीवर चहाचा ग्लास ठेवला, म्हणजे ती परत गुंडाळू नये.

"साईं, ये कागज से हमको कुछ नहीं समझता. सॅम्पल लाओ."

"सॅम्पल कसं असेल? ही नवीन रचना आहे. मीच केली आहे."

"तो आप सॅम्पल बनाओ. सॅम्पल लाओ, मंगळवार को माल ले जाओ. सॅम्पल जैसा का वैसा. एक टाका फरक निकला तो पूरा माल वापस."

"केसभर फरक निघाला तर परत?"

"बाल तो क्या, बाल की छाया का फरक निकला तो भी."

साहेबांना भरून आलं. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

शिवराम यांच्या नव्या फ्रिजचं खोकं जिन्यात पडलं होतं. साहेबांनी सुरी, फेविकॉल आणि चिकटपट्टी घेऊन चार दिवसांत त्यातून सीट आणि दोन पेट्या कापून जोडल्या. साठ वर्षांतली त्यांची ही पहिली निर्मिती. रात्रभर वाळायला ठेवली, तर सकाळी यशोधराबाईंनी कुकर गॅसवरून उतरवून जवळच्या सपाट वस्तूवर ठेवला. ती सपाट वस्तू सीट होती. गोल खड्डा पडला, पण मापात फरक नव्हता. साहेबांनी खोकी रिक्षात घातली आणि वासूमलच्या हवाली केली.

मंगळवारी माल तयार होता. वासूमल शब्दाला जागला होता.

सीट काळ्या रेक्झिनची, शिवण अशी की डोळे निवावेत. बरोबर मध्यभागी, फोममध्ये कोरून काढल्यासारखा, पाच लिटरच्या कुकरच्या बुडाचा गोल खड्डा. जिथे जिथे चिकटपट्टी होती तिथे तिथे पिवळ्या रेक्झिनची पट्टी. एका पट्टीचं टोक साहेबांनी वाकडं फाडलं होतं, तेही वाकडंच. आणि मागच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याने, हाताने भरलेलं : एक छत्री, एक काचेचा पेला, वर जाणारे दोन बाण आणि 'हळू हाताळा'. हा मजकूर बसणाऱ्याच्या पाठीच्या बरोबर खाली येत होता.

"हे काय आहे?" साहेबांच्या तोंडून कसंबसं निघालं.

वासूमलने आतून खोकं आणलं आणि सीटशेजारी ठेवलं. "मिलाओ."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. छत्रीला आठ काड्या, इकडेही आठ. वाकड्या पट्टीचा कोन, तोच. अर्धा तास ते एखादा दोष शोधत होते. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून इतका निर्दोष माल गेला नव्हता. नमुना चुकीचा होता म्हणून माल परत पाठवावा, तर नमुन्याखाली सही कुणाची? साळवे, श. र.

"पास," ते खोल आवाजात म्हणाले.

रंगासाठी शहाडच्या पेंटरनेही सॅम्पलच मागितलं. एव्हाना साहेब शहाणे झाले होते. त्यांना वाळूसारखा फिकट रंग हवा होता म्हणून त्यांनी चहाबरोबरचं बिस्किट दिलं. पेंटरने ते उजेडात धरलं आणि विचारलं, "कोरडं, की बुडवून?" साहेबांनी रात्रभर विचार करून 'कोरडं' असं लेखी कळवलं. रंग सुरेख आला. मग रंग बदलल्याची नोंद करायला ते आरटीओत गेले, तर खिडकीतल्या बाईंनी अर्जावरून नजर वर केली. "रंगाच्या रकान्यात तुम्ही 'कोरडं बिस्किट' लिहिलंय."

"तेच प्रमाण आहे."

"यादीत पांढरा आहे, पिवळा आहे, तपकिरी आहे. बिस्किट नाही."

"मग जवळचा कोणता?"

बाईंनी शेजारच्या टेबलाला विचारलं, तिथून पलीकडच्या टेबलाला विचारलं गेलं, पलीकडच्या टेबलाने खात्रीसाठी डब्यातून बिस्किट काढलं, आणि मग सगळ्यांनाच चहाची आठवण झाली. चौथ्या फेरीला 'फिकट तपकिरी' अशी नोंद झाली. साहेबांनी त्याविरुद्ध तक्रार अर्ज केला, पण तो वेगळा विषय.

बारशाच्या दहा दिवस आधी गाडी उभी राहिली. सोसायटी खाली जमली. साहेबांनी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून पाय टाकला, कुकरच्या खड्ड्यात नीट बसले, आणि पाय जमिनीकडे सोडले. पाय गेले, गेले, आणि हवेतच संपले. साहेब सावकाश, अत्यंत सावकाश, डावीकडे कलू लागले. कलताना त्यांचा चेहरा पूर्ण शांत होता. शिवराम यांनी त्यांना आणि शीलाताईंनी गाडीला धरलं.

"अशक्य!" साहेब म्हणाले. "माझा पाय तेहतीस इंच आहे."

"कुठल्या टेपने मोजलात?" यशोधराबाईंनी विचारलं. "यंत्राच्या खणातल्या? अहो, तिचे पहिले चार इंच आकाशने लहानपणी कापले. ती चारपासून सुरू होते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नाही."

"तुम्ही चौतीस वर्षं मापं घेतलीत, मग टेप बघितली नाही?"

"मापाचं साधन बरोबर आहे की नाही हे बघायला दुसरं खातं होतं," साहेब क्षीणपणे म्हणाले.

म्हणजे पाय एकोणतीस इंच आणि सीट पस्तीस. वासूमलकडे लग्नसराईची गर्दी, नवं काम महिन्यानंतर, तेही सॅम्पल आणलं तर. आकाश म्हणाला, "पप्पा, गाडीतून चला ना आमच्याबरोबर." शिवराम म्हणाले, "उतरायचं बघा म्हटलं होतं." आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर तो बोकड आला, आधी उतरणारा.

त्यांना गाडी चालवता उत्तम येत होती. चालती गाडी पडत नाही. प्रश्न फक्त थांबण्याचा. तेव्हा जिथे पायाखाली सहा इंच उंच काहीतरी असेल तिथेच थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. नवी स्टीलची टेप घेतली, ती शून्यापासून सुरू होते याची दुकानदाराकडून लेखी खात्री घेतली, आणि खैरपाड्यापर्यंतचा रस्ता पायी मोजायला निघाले. तीन दिवसांत थांब्यांचा तक्ता तयार झाला. एक, नाल्यावरच्या मोरीचा कठडा. दोन, काशीबाईंच्या चहाच्या टपरीपुढचा सिमेंटचा ओटा. तीन, टेकाडाखालचा मैलाचा दगड. शेवटी दौलतरावांच्या पडवीचा ओटा, जो त्यांनी ट्रॉलीत बसून नजरेने मोजला होता.

पण रस्त्याच्या कडेला एक टापटीप माणूस टेप लावतो, वहीत लिहितो आणि मान हलवतो, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो.

काशीबाईंनी धीर करून विचारलं, "साहेब, माजा वटा जाताय काय रस्त्यात?"

"छे छे. उलट मला तो फार उपयोगी आहे," साहेब म्हणाले आणि ओट्यावर खडूने फुली मारून गेले.

रविवारी बारसं. घरची मंडळी आकाशच्या गाडीतून सकाळीच पुढे गेली. साहेब जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून निघाले. सफारी कडक, हेल्मेट चकचकीत, गाडीचा आवाज धीरगंभीर. बदलापूर मागे पडलं तेव्हा त्यांना आपण पंचविशीत आहोत असं वाटलं. पंचविशीत त्यांच्याकडे सायकल होती, तरीही.

पहिला थांबा आला, तर मोरीच्या कठड्याला काटेरी कुंपण. पलीकडच्या जमीनवाल्याने रस्ता रुंद व्हायच्या आत हद्द पक्की करून घेतली होती. साहेब पुढे गेले. काशीबाईंच्या टपरीपुढे ओट्याच्या जागी खडी. सरकारने तोडण्यापेक्षा आपणच तोडावा म्हणून बाईंनी तो शुक्रवारी तोडून विटा घरी नेल्या होत्या. "तोडला, साहेब, तोडला!" त्या आनंदाने ओरडल्या. साहेबांना थांबून काही बोलायचं होतं, पण थांबायची सोय बाईंनीच नेली होती. टेकाडाखालचा मैलाचा दगड कुणीतरी दोन शेतं पलीकडे हलवला होता. साहेब दुसऱ्या गिअरमध्ये वर चढले. खड्डे, दगड, उभा चढ, सगळं त्या गाडीने असं पार केलं की बघायला कुणी असतं तर टाळ्या पडल्या असत्या. आता फक्त पडवीचा ओटा.

ते अंगणात शिरले. कुणाचा हात लागला नव्हता. पडवीच्या ओट्यावर एका रांगेत अकरा बायका पाय सोडून बसल्या होत्या.

साहेबांनी हँडल वळवलं आणि मांडवाला फेरी घातली.

"या, या, व्याही!" दौलतराव हात जोडून पुढे आले. "उतरा!"

"आलोच!" म्हणत साहेब गोठ्यामागे दिसेनासे झाले.

दुसऱ्या फेरीला दौलतराव म्हणाले, "आवं, उतरा की!"

"उतरतोय!" साहेब गेले.

तिसऱ्या फेरीला दौलतरावांच्या पत्नी राजाबाईंनी यशोधराबाईंच्या कानाशी लागून विचारलं, "तुमच्यात बारशाला असा रिवाज हाय का वो?"

"आजपासून आहे," यशोधराबाई म्हणाल्या.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. बाळ सकाळपासून रडत होतं. ओवा झाला, हिंग झाला, अकरा बायकांचे अकरा उपाय झाले, तरी पाळण्यात घालावं आणि टाहो फुटावा. आत्या मनाली कानात नाव सांगायला दोनदा वाकली आणि दोनदा कानाला हात लावून परत आली. चौथ्या फेरीला साहेबांची गाडी धडधडत पाळण्यासमोरून गेली आणि बाळ गप्प झालं. गाडी गोठ्यामागे गेली, टाहो. गाडी पुढे आली, गप्प. दौलतरावांनी हे दोन फेऱ्या निरखलं. गुरांमध्ये हयात गेलेला माणूस, त्यांना तिसऱ्याची गरज नव्हती. ते दोन्ही हात पसरून धावत सुटले.

"व्याही! थांबू नका!"

"मला थांबायचंय!" साहेब कळवळून ओरडले. "त्या बायकांना उठवा!"

"नातीची आण हाय तुमाला! गोठ्यामागं जाऊ नका, हितंच फिरा, पाळण्यासमोर!"

साहेब फिरले. मांडवाची एक बाजू उघडून त्यांच्यासाठी वाट केली गेली. त्यांच्या फेऱ्यांच्या मध्ये पाळणा म्हटला गेला, घुगऱ्या वाटल्या गेल्या, मनाली वाकली, तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सगळ्या बायकांनी ते मोठ्याने म्हटलं. साहेब तेव्हा नेमके वळणावर होते.

"काय ठेवलं?" पुढच्या फेरीला त्यांनी विचारलं. चाळीस जणांनी उत्तर दिलं. इंजिनाच्या आवाजात एकही अक्षर कळलं नाही. "काय?" त्याच्या पुढच्या फेरीला सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं, कारण बाळाचे डोळे मिटत आले होते.

एकोणचाळिसाव्या फेरीला पेट्रोल संपलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. शेजारी गवताची उडवी होती. साहेब त्या शांततेत गाडीसकट डावीकडे कलू लागले, सावकाश, चेहरा न बदलता, आणि गवतात आडवे झाले.

सगळ्यांनी पाळण्याकडे पाहिलं. पोरगी गाढ झोपली होती.

दौलतराव चवड्यांवर चालत आले आणि गवतापाशी उकिडवे बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुजबुजले, "व्याही, लागलं नाय ना? मग पडलाव तसेच ऱ्हावा. गवात वाजतंय. आन् एक इचारू? उद्या परत याल काय? परवा बी? दुपारी ती झोपतच नाय वो."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. विचार करून कळवतो, अशा अर्थाने.

पाऊण तास ते तसेच पडून होते. एकेक पाहुणा चवड्यांवर येऊन त्यांना नमस्कार करून गेला. जेवणाचं ताट तिथेच आलं. ते यशोधराबाईंनी आणलं, पदराने त्यांच्या कानातला काडीकचरा काढला आणि वाकून, अगदी हळू, नातीचं नाव त्यांच्या कानात सांगितलं.

साहेबांना ते इतकं आवडलं की ते ताडकन उठून बसले. गवत कडाडलं. अंगणभरची चाळीस माणसं एकदम वळली आणि चाळीस बोटं ओठांवर गेली.

साहेब पुन्हा आडवे झाले.